तिथं तानीला जेवू कोण घालतं?

नाताळ अंकाच्या संपादकांनी कळवलं आहे की तीस वर्षांच्या सेवेतले श्रद्धा वाढवणारे अनुभव लिहून पाठवा. सोबत नमुना म्हणून कुणा उपदेशकाचा मागच्या वर्षीचा लेखही पाठवला आहे. त्यात दर पानावर एक माणूस रडत असतो, उपदेशक एक वचन म्हणतो आणि माणूस डोळे पुसून उठतो. मी तो लेख वाचला आणि चष्मा काढून ठेवला. तीस वर्षं मी दारोदार हिंडले, पण माझ्या वचनानं डोळे पुसून उठलेलं माणूस मला एकही आठवत नाही. जे उठले ते म्हशीची धार काढायची वेळ झाली म्हणून उठले. तेव्हा संपादकांनी माझ्याकडून नमुन्याबरहुकूम मालाची वाट पाहू नये.

माझं काम काय होतं ते आधी सांगते, कारण आताच्या मुलींना ते ठाऊक नाही. कैलासवासी महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापुरात आमच्या मिशनच्या एक मिससाहेब होत्या. घराघरांतल्या बायकांपर्यंत शुभवर्तमान पोचावं ही त्यांची तळमळ. पण गोरी बाई दारात आली की निम्म्या बायका आत पळत आणि उरलेल्या तिचा हात खरंच पांढरा आहे की काही फासलं आहे ते चोळून बघत. म्हणून आमच्यासारख्या इथल्या ख्रिस्ती बायका या कामावर नेमल्या. मिशनच्या कागदांत आमच्या हुद्द्याला लांबलचक इंग्रजी नाव होतं. गावात मात्र मला सगळे 'येशूची बाई' म्हणत. "येशूची बाई आली गं, पोरांस्नी आत घ्या," हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की पुढं पुढं मीच दारातून सांगायची, पोरं आत घ्या, मी आले आहे.

सोमवारी मिससाहेब आम्हाला आठवड्याचा धडा देत. कुठली गोष्ट सांगायची, कुठलं गीत म्हणायचं, कोण काय विचारेल आणि त्याला काय उत्तर द्यायचं. मंगळवारपासून छत्री, चित्रांची गुंडाळी आणि शास्त्र, म्हणजे बायबल, काखेत मारून गल्ल्या आणि आसपासची गावं तुडवायची. शनिवारी अहवाल. किती घरं झाली, ऐकणाऱ्या बाया किती, कुणाच्या मनाची तयारी दिसते. त्या तयारीच्या रकान्यानं मला दर शनिवारी डोकेदुखी व्हायची. बाया ऐकायच्या खऱ्या, पण ऐकता ऐकता शेंगा फोडायच्या, एकमेकींच्या उवा बघायच्या, आणि मी ऐन रंगात आले की एखादी विचारायची, "बाई, हे लुगडं कुटं घेतलंसा?" हिला तयारीत धरायचं की कसं?

पाण्याचं तर विचारूच नका. आमची मूळ जात कळल्याशिवाय कुणी पाणी देत नसे आणि कळल्यावर तर देतच नसे. फारच दया आली तर वरून ओंजळीत धार. मी उठून गेले की मी बसले होते तेवढी जागा सारवून घ्यायच्या. एकदा माझी छत्री विसरली म्हणून मी परत फिरले, तर शेणाचा ओला पोतेरा छत्रीभोवतीनं नीट फिरवलेला. छत्री उचलायची कुणाची छाती झाली नव्हती.

मंडईजवळ मुसलमान बागवानांची एक म्हातारी होती. ती पाणी प्रेमानं द्यायची, पण गोष्ट सांगू द्यायची नाही. मी चित्र उघडून तोंड उघडलं की म्हणायची, "ठैर बाई, वैसा नई हुआ. मैं बताती." मग तासभर ती सांगायची आणि मी ऐकायची. चित्र माझं, गोष्ट तिची. त्या शनिवारी मी अहवालात लिहिलं, ऐकणाऱ्या बाया एक. ती एक मीच होते हे लिहिलं नाही.

ही सगळी हसण्यावारी न्यायची घरं. अवघड घर एकच, लेकरू गेलेलं. त्या काळी अशी घरं कमी नव्हती. त्या घरांसाठी मिससाहेबांनी आम्हाला तीन वाक्यं पाठ करून दिली होती. लेकरू प्रभूच्या मांडीवर आहे. प्रभूला त्याची गरज होती. फार रडणं म्हणजे अविश्वास. मिससाहेब मनाच्या फार चांगल्या, पण त्यांना ना लग्न ना लेकरू. मलाही तेव्हा मूल नव्हतं. मी ती वाक्यं वर्षानुवर्षं वापरली. घरात शिरायचं, हात हातात घेऊ देतात का ते बघायचं, तीन वाक्यं म्हणायची, प्रार्थना करायची आणि पुढच्या घरी. आपल्याला हे छान जमतं अशी मला घमेंडही होती. आता ते आठवलं की माझा मलाच संताप येतो.

प्लेगच्या साथीत जवळच्या बावडा गावची पारूबाई भेटली. घरची शेतकरी मराठ्याची, माझ्याच वयाची, हाडापेरानं थोराड. तिची आठ वर्षांची तानी बगलेत गाठ येऊन तीन दिवसांत गेली. ती गेली आणि दुसऱ्याच दिवशी सगळा गाव घरं सोडून माळावर पाल्याच्या झोपड्या घालून राहायला गेला. मी झोपड्यांतून फिरत होते तेव्हा पारूबाईच्या नवऱ्यानं मलाच गाठलं.

"बाई, तुमी येशूच्या न्हवं? आमच्या घरात जरा बोला. भाकरी पुढं ठिवली की म्हणती, आदी तानी जेवली का बगा. आन् रोज उटून गावात जाती, बंद घराच्या दारात बसती. त्या घरात उंदरं मेल्यात वो. मी काय करू?"

साथीच्या दिवसांत उंदीर मेलेल्या घराच्या उंबऱ्यावर बसणं म्हणजे काय ते सांगायला नको. तानीच्या पाठोपाठ ही जाणार, हे त्याला दिसत होतं आणि मलाही दिसलं. पारूबाई झोपडीच्या तोंडाशी बसली होती. मी समोर बसून माझी तीन वाक्यं म्हटली.

"मांडीवर?" पारूबाई म्हणाली. "आट वर्साची घोडी हाय ती. माज्या मांडीवर बसत न्हवती."

"तसं नव्हे. प्रभूच्या जवळ आहे, सुखात आहे."

"तितं तिला जेवाय कोण घालतं?"

बारा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. सोमवारच्या धड्यातही नव्हतं. मी म्हटलं, तिथं भूक लागत नाही.

"तानीला झोपेतबी भूक लागती," ती म्हणाली, आणि उठून गावाकडं चालू लागली.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेले. तिनं माझ्यासाठी प्रश्न जमवून ठेवले होते. तिथं भाकरी असते का भात? कारण तानी भात खाऊन उठली की म्हणते, मी अजून जेवलो न्हाय. वाढणारी बाई कोण? कारण परक्याच्या हातचं ती खात नाही. वेणी कोण घालतं? ती केसाला हात लावू देत नाही, आईशिवाय. मी आपली शास्त्रातली सोन्याची नगरी आणि मोत्यांचे दरवाजे सांगत होते आणि ही विचारत होती, दरवाजाला उंबरा उंच हाय का, ती सारकी अडकळून पडती. मला वाटलं, ही बाई मला छळायलाच बसली आहे. तिसऱ्या आठवड्यात तर कहर झाला. ऊन डोक्यावर आलेलं, वाटेत वहाणेचा अंगठा तुटलेला, पाय भाजत होते आणि अजून चार झोपड्या बाकी होत्या.

"दिवसभर करती काय ती तितं?"

"देवदूतांबरोबर देवाची गाणी गाते."

"दिवसभर?"

"दिवसभर."

"तानी?" पारूबाई माझ्याकडं बघतच राहिली. "अवो, घटकाभर एका जाग्याला बसत न्हाय ती. माज्या जावंची तीन पोरं तीच सांबाळायची. नुसतं गानं म्हणाय बशीवलं तर पळून येईल की. आन् आली तर घर बंद. आमी हितं माळावर. तिला कसं गावंल? म्हणून तर मी जातो रोज. दारात कोन तर पायजे की न्हाय?"

एवढ्यात ती उठलीसुद्धा. माझं डोकंच फिरलं. मी ओरडले.

"कशाला पळून येईल? तिथं काय लेकरांचा तोटा आहे? या साथीत गेलेली सगळ्या गावची बारकी बारकी पोरं तिथंच आहेत. त्यांना बघायला नको कुणी? प्रभूनं तानीकडं पोरं सांभाळायला दिली आहेत. ती कामात आहे! तिला इकडं यायला सवड नाही!"

पारूबाई उभी होती तशी थांबली. 

"व्हय?"

"व्हय," मी म्हटलं. मागं फिरायला वाट नव्हती.

"मग बरं हाय," असं म्हणून ती खाली बसली. नवऱ्यानं सकाळी पुढं ठेवलेली भाकरी तशीच होती, ती तिनं ओढून घेतली आणि खाल्ली. त्या दिवसापासून तिचं बंद घराशी जाऊन बसणं थांबलं. साथ ओसरेपर्यंत ती माळावर राहिली आणि वाचली.

मी मात्र परतीच्या वाटेवर घामाघूम. उन्हानं नव्हे. आठ वर्षांची पोर तिथं बाकीची पोरं सांभाळते, हे ना धड्यात होतं ना शास्त्रात. ते मी वैतागून, पाय भाजत होते म्हणून, वेळ मारून नेण्यासाठी बोलले होते. शास्त्र सांगायला नेमलेल्या बाईनं पदरचं सांगावं याहून मोठा गुन्हा आमच्या कामात नाही. शनिवारी मी लिहिलं, घर एक, ऐकणारी बाई एक. तयारीचा रकाना कोरा ठेवला.

त्यानंतर दोन वर्षांनी, लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर, मला मुलगा झाला. यशवंत. आम्ही यशा म्हणायचो. माझे यजमान मिशनच्या दवाखान्यात कंपौंडर, बोलणं कमी आणि काम वक्तशीर. पण यशाला खांद्यावर घेतलं की तेही घोड्यासारखे खिंकाळायचे. चित्रांच्या गुंडाळीतल्या मेंढराला यशा म्हैस म्हणायचा. मिससाहेबांनी दोनदा सुधारून सांगितलं, त्यानं ऐकलं नाही. अडीच वर्षांचा असताना त्याला गोवर निघाला, तो छातीत उतरला आणि आठव्या दिवशी भर दुपारी तो गेला. यजमानांनी आदल्या दिवशीच ओळखलं होतं. तरी ते तासातासाला औषध मोजून चमच्यात ओतत राहिले. मी म्हटलं, त्याला जात नाही आता, कशाला ओतता? ते म्हणाले, वेळ झाली आहे म्हणून. दिवस मावळायच्या आत आम्ही त्याला आमच्या लोकांच्या दफनभूमीत ठेवून घरी परत आलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून मंडळी यायला लागली. प्रत्येकाच्या तोंडात माझीच तीन वाक्यं. पहिली आली ती आमच्या चर्चच्या पंचांतल्या एकाची बायको.

"प्रभूला त्याची गरज होती, बाई."

"कशाला?" मी विचारलं.

"अं?"

"अडीच वर्षांच्या पोराची प्रभूला कशाला गरज? त्याला स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं."

ती घाईनं उठली आणि बाहेर जाऊन सांगती झाली की बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. मग आणखी लोक आले. मांडी, गरज, अविश्वास. मांडी, गरज, अविश्वास. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्यासाठीच केली असावी असं मला वाटलं. पंधरा-सोळा वर्षं मी हेच दगड बायकांच्या पदरात टाकत फिरत होते, आणि त्या बिचाऱ्या मला हाकलत नव्हत्या. मिससाहेब आल्या, त्यांनी तिन्हींतलं एकही वाक्य म्हटलं नाही, माझा हात धरून माझ्याहून जास्त रडल्या. त्यांच्यावर नीट रागावताही येईना, त्याचा आणखी राग.

मी प्रार्थना सोडली. देव नाही असं मला एक क्षणही वाटलं नाही, हे इथं स्पष्ट लिहिते, कारण संपादक घाबरतील. देव होता, आणि त्यानं माझं पोर नेलं होतं, म्हणून मी त्याच्याशी अबोला धरला. कामावर जाणार नाही असं यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, नको जाऊस. दुसऱ्या कुणी समजूत घातली असती तर मी भांडले तरी असते. या माणसानं तीही सोय ठेवली नाही.

दोनेक आठवडे गेले. बाजाराच्या दिवशी सकाळी पारूबाई डोक्यावर वांग्यांची पाटी घेऊन आमच्या अंगणात उभी. मी बावड्याला आले नाही म्हणून तिनं दवाखान्यात चौकशी केली होती. पाटी उतरवून ती अंगणात चिंचेखाली बसली. मी मनात म्हटलं, आता हिनं जर मांडीचं नाव काढलं तर वांग्यांसकट बाहेर काढीन.

"केवडं हुतं?"

"अडीच वर्षांचं."

"चालत हुतं?"

"पळत होतं."

"मग बरं. उचलाय हलकं, आन् चालाय येतं." ती घाम पुसत म्हणाली. "काळजी करू नगासा. आमची तानी हाय तितं."

मला आधी कळलंच नाही.

"काल नदीवर, तिला पोचिवली तितं, जाऊन सांगून आलोय मी तिला. म्हटलं, ह्ये बग तानू, येशूच्या बाईचं पोरगं आलंय तिकडं. नवं हाय, कुणाची वळख न्हाई, रडत आसंल. त्येला तुज्याजवळ घे. दुसरं एकादं सोड, पर ह्येला सोडू नगं. बाईंनी आपल्यावर लई उपकार केल्यात."

यशा गेल्यापासून मी रडले नव्हते. तिथं अंगणात, वांग्यांच्या पाटीशेजारी, मी अशी रडले की यजमान दवाखान्यातून पळत आले. पारूबाईनं मला गप्प बस म्हटलं नाही. ती शेजारी बसून राहिली आणि मधून मधून "व्हय की, व्हय की," म्हणत होती. रडणं थांबल्यावर मी तिच्यासाठी तांब्या भरून आणला. तिनं हात मागं घेतला.

"पानी नगं. बाटल्याल्यांच्या घरचं चालत न्हाय आमास्नी."

मला त्या अवस्थेतही संताप आला. "तुमच्या पोरीनं माझं पोर सांभाळलेलं चालतं, आणि माझ्या घरचं पाणी चालत नाही?"

"ते तितलं झालं," ती शांतपणे म्हणाली. "तितं कुटली आलीया जात? तुमीच सांगितलंय न्हवं? हे हितलं." आणि पाटी उचलून बाजाराला गेली.

ती गेली आणि माझे खरे हाल सुरू झाले. सबंध कोल्हापुरात माझ्या काळजाला लागलेलं सांत्वन एकच, आणि तेच नेमकं माझं पदरचं! दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर डोळे मिटून धरलं असतं. पण ते नाणं मीच पाडलं होतं, ते खोटं आहे हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? यशा तानीजवळ आहे असं वाटलं की जरा झोप लागायची, आणि तानी मुळात तिथं आहे का, हे आठवलं की उडायची. असं आठ दिवस सोसलं आणि मी चर्चच्या पाळकसाहेबांकडं गेले.

आमचे पाळकसाहेब म्हणजे कडक गृहस्थ. आमच्यातलेच, पण शास्त्राचा एक शब्द इकडचा तिकडं चालायचा नाही. टेबलाशी उपदेश लिहीत बसले होते. मी सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली.

"हे तुम्ही त्या बाईला सांगितलंत?"

"हो."

"कशाच्या आधारावर?"

"ऊन फार होतं."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "त्या मुलीचा बाप्तिस्मा?"

"नाही."

"आईचा विश्वास?"

"दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जाते. चालत."

त्यांनी कपाळाला हात लावला. मी म्हटलं, "पाळकसाहेब, माझं चुकलं, त्याची शिक्षा सावकाश द्या. मला एवढंच सांगा, ती मुलगी तिथं आहे की नाही? ती नसेल तर माझा यशा कुणाजवळ आहे?"

"तुमचा यशवंत प्रभूच्या..."

"मांडीवर म्हणू नका."

त्यांनी समोरचा कागद बाजूला सारला.  मग जे बोलले ते त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, "बाई, मला ठाऊक नाही. तसं शास्त्रात लिहिलेलं नाही."

"म्हणजे तसं नाहीच, असं लिहिलं आहे का?"

"तसंही लिहिलेलं नाही." ते खिडकीकडं बघत होते. "प्रभूनं बारा वर्षांच्या मेलेल्या मुलीला उठवलं, ती गोष्ट तुम्ही सांगता ना? कुठं थांबता?"

"प्रभूनं तिचा हात धरला, ती उठून चालू लागली. मग आम्ही गीत म्हणतो."

"पुढं आणखी आहे. घरची माणसं आश्चर्यानं वेडी झाली होती, तेव्हा प्रभूनं त्यांना सांगितलं, हिला काहीतरी खायला द्या." पाळकसाहेब माझ्याकडं वळले. "एवढा मोठा चमत्कार झालेला, आणि पोरीला भूक लागली असेल हे एकट्या त्याच्याच ध्यानात आलं. तुमच्या तानीचं मी काही सांगू शकत नाही. पण तिचा कारभार कुणाच्या हातात आहे, एवढं सांगू शकतो. आणि तुमच्या यशवंताचाही."

मी घरी आले आणि शास्त्र उघडून पाहिलं. ते वाक्य होतं तिथं. शेकडो वेळा ती गोष्ट मी सांगितली होती आणि दर वेळी नेमकं तेवढं गाळलं होतं, कारण गुंडाळीतलं चित्र मुलगी उठते तिथंच संपायचं. पारूबाई तीन आठवडे माझ्यापुढं बसून विचारत होती, जेवाय कोण घालतं, आणि उत्तर माझ्या काखेत होतं. माझ्यासारखी शहाणी मीच!

त्या दिवशी मी अबोला मोडला. त्याला प्रार्थना म्हणायचं की भांडण, ते संपादकांनी ठरवावं. मी देवाला म्हटलं, तू माझ्याशी जे केलंस ते मला पटलेलं नाही आणि पटणार नाही. पण तुला लेकरांच्या भुकेचं कळतं, एवढं मी धरून चालते. तानीला भाकरी दे, भात नको. यशाला तिच्याजवळ राहू दे. मी आले की विचारणार आहे. एवढं बोलल्यावर मला वाटलं की ऐकलं गेलं आहे. श्रद्धा म्हणून माझ्याजवळ आज जे काही आहे ते एवढंच आहे. ते नमुन्यातल्यासारखं गुळगुळीत नाही, पण त्यानंतर ते कधी हललेलं नाही.

कामावर परत गेले. ती तीन वाक्यं पुन्हा तोंडातून काढली नाहीत. लेकरू गेलेल्या घरी गेले की त्याचं नाव विचारायची, त्याला काय आवडायचं ते विचारायची, आणि आई सांगेल तेवढा वेळ बसायची. एकेका घरात सकाळ जायची. अहवालातली घरं निम्म्यानं घटली तेव्हा मिससाहेबांनी विचारलं, पाय दुखतात का? मी म्हटलं, हो. आधीच्या वर्षांतल्या काही बायकांकडं मी माफी मागायला म्हणून गेले. एकीनं मला ओळखलं नाही. दुसरीनं ओळखलं आणि दार लावून घेतलं. तिचं बरोबरच होतं.

पारूबाई शेवटपर्यंत ख्रिस्ती झाली नाही. मी काय कमी डोकं फोडलं असेल? पालथ्या घड्यावर पाणी. माझ्या सगळ्या गोष्टी तिला पाठ, येशूचं सगळं तिला पटायचं, आणि पौर्णिमा आली की निघाली वाडीला. मी चिडले की म्हणायची, "तुमच्या देवाकडं पोरगी ठिवलीया की, आनी काय पायजे?" यावर काय बोलावं ते मला सोमवारच्या एकाही धड्यात मिळालं नाही. उलट मला निरोप द्यायची, तुमी रोज बोलता न्हवं त्येच्यासंगं, मग तानीला सांगा, म्हस व्याली. आणि मी, मिशनची नेमलेली बाई, संध्याकाळच्या प्रार्थनेत सांगायची, की म्हैस व्याली.

मग पाय खरंच दुखायला लागले आणि मिशननं मला कामातून मोकळं केलं. शेवटची फेरी मी बावड्याची केली. पारूबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती, माझ्यासारखीच पांढरी झालेली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. माझ्या मनात एक गोष्ट कित्येक वर्षं सलत होती, ती तेव्हा विचारली नसती तर राहूनच गेली असती. तानी गेली त्यानंतर मी त्या घरात आले. मी तिला कधी बघितलेलीच नव्हती. तिथं उभ्या जगातली माणसं जमलेली असणार. कपाळावर खोक, हातावर गोंदण, काही खूण तरी ठाऊक हवी.

"पारूबाई," मी म्हटलं, "मी तिथं गेले की तुमच्या तानीला ओळखायचं कसं?"

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. येडपट प्रश्न विचारणाऱ्या बायकांकडं मी आयुष्यभर जशी बघत आले, तशी ती माझ्याकडं बघत होती.

"अवो बाई," ती वैतागून म्हणाली, "तिच्या कडंवर तुमचंच पोरगं आसंल की!"